लहान दुर्बिणी, दीर्घ रात्री

आकाशातील एखादी नवी गोष्ट प्रथम कोणाला दिसते, हे केवळ दुर्बिणीच्या आकारावर ठरत नाही. ती दुर्बीण आकाशाच्या एकाच तुकड्यावर किती वेळ रोखून ठेवता येते आणि तिच्यामागे बसलेल्या माणसाची त्या तुकड्याशी किती जुनी ओळख आहे, यांवरही ते तितकेच अवलंबून असते. घराच्या गच्चीवरून, परसातून किंवा गावाबाहेरच्या माळावरून आकाशाची छायाचित्रे टिपणाऱ्या हौशी निरीक्षकांनी गेल्या पंचवीस वर्षांत जे शोध लावले, त्यांत खुज्या दीर्घिका आहेत, गुरूवर आदळलेल्या लघुग्रहाची खूण आहे, फुटण्याच्या क्षणी टिपला गेलेला तारा आहे आणि आपल्या सूर्यमालेबाहेरून आलेला पहिला धूमकेतूही आहे. ही मालिका योगायोगांची यादी म्हणून वाचली तर ती घटकाभर कुतूहल जागवते. परंतु प्रत्येक शोधामागची कारणे तपासली, तर आजच्या खगोलशास्त्राच्या रचनेतच हौशी निरीक्षकासाठी एक निश्चित जागा आहे, असे दिसून येते. ती जागा कशी निर्माण झाली, तिच्या मर्यादा कोणत्या आणि ती पुढे टिकेल का, यांचा विचार या लेखात केला आहे.

येथे हौशी म्हणजे ज्याचा चरितार्थ खगोलशास्त्रावर चालत नाही असा निरीक्षक. व्यावसायिक शास्त्रज्ञाच्या आणि त्याच्या परिस्थितीत सर्वांत मोठा फरक पडतो तो वेळेच्या बाबतीत. जगातील मोठ्या दुर्बिणींवर निरीक्षणाची संधी मिळवण्यासाठी आधी सविस्तर प्रस्ताव पाठवावा लागतो, त्याची तज्ज्ञांच्या समितीकडून छाननी होते, आणि मागणी उपलब्ध वेळेच्या कितीतरी पट असल्यामुळे मंजूर झालेल्या प्रस्तावालाही बहुधा मोजके तास किंवा मोजक्या रात्रीच मिळतात. अशा व्यवस्थेत ‘या भागात काही आहे का, ते नुसते पाहावे’ एवढ्या कारणासाठी शंभर तास मागणे जवळजवळ अशक्य असते. हौशी निरीक्षकाला मात्र कोणाकडेही अर्ज करावा लागत नाही. आभाळ निरभ्र असेल ती प्रत्येक रात्र त्याची असते, आणि फळ मिळेल की नाही याची खात्री नसलेल्या कामावर ती खर्च करण्याचे त्याला पूर्ण स्वातंत्र्य असते.

काचेच्या प्लेटपासून सेन्सरपर्यंत

हौशी निरीक्षक आणि आकाशाचे छायाचित्रण यांचे नाते जुने आहे. अँड्र्यू एन्स्ली कॉमन हे व्यवसायाने अभियंता असलेले इंग्रज गृहस्थ होते. त्यांनी १८८३ साली लंडनजवळील ईलिंग येथील आपल्या घराच्या बागेतून, सुमारे ९१ सेंटिमीटर व्यासाच्या परावर्तक दुर्बिणीने मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे छायाचित्र घेतले. त्याच दुर्बिणीला डोळा लावून जे तारे दिसत नव्हते, ते त्या काचेच्या प्लेटवर उमटले होते. डोळा प्रकाश साठवू शकत नाही, प्लेट तो साठवते, ही गोष्ट त्यामुळे निर्विवादपणे सिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. डिसेंबर १८८८ मध्ये आयझॅक रॉबर्ट्स यांनी देवयानी तारकासमूहातील तेजोमेघाचे दीर्घ एक्स्पोजर घेतले, म्हणजे प्लेटवर बराच वेळ प्रकाश पडू दिला, आणि त्याची सर्पिल रचना प्रथमच स्पष्टपणे जगासमोर आली. हा तेजोमेघ म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखीच एक स्वतंत्र दीर्घिका आहे, हे समजायला आणखी तीन दशकांहून अधिक काळ जावा लागला.

विसाव्या शतकात मोठ्या वेधशाळा उभ्या राहिल्या आणि हौशी मंडळींचा छायाचित्रणातील वाटा आक्रसत गेला. प्लेटवर पडलेल्या प्रकाशापैकी एक-दोन टक्केच प्रकाश प्रतिमा घडवण्याच्या कामी येत असे, त्यामुळे छोट्या दुर्बिणीच्या वाट्याला आलेला तुटपुंजा प्रकाशही बहुतेक वायाच जाई. हे चित्र बदलले ते इलेक्ट्रॉनिक सेन्सरमुळे. प्रकाशाच्या कणांचे विद्युतभारात रूपांतर करून त्यांची मोजणी करणारे हे सेन्सर आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी ८० ते ९० टक्के प्रकाश नोंदवू शकतात. १९९० नंतर ते हौशी निरीक्षकांच्या आवाक्यात येऊ लागले, आणि शतकभर फक्त मोठ्या वेधशाळांना शक्य असलेली संवेदनशीलता परसातल्या दुर्बिणीलाही लाभली.

त्याला जोड मिळाली ती अनेक प्रतिमा एकमेकींवर रचण्याच्या तंत्राची. एका दीर्घ एक्स्पोजरऐवजी काही मिनिटांची शेकडो एक्स्पोजर घेतली जातात आणि संगणकावर ताऱ्यांच्या जागा जुळवून त्यांची सरासरी काढली जाते; हौशी वर्तुळात याला स्टॅकिंग म्हणतात. आकाशातील खरी वस्तू प्रत्येक प्रतिमेत त्याच जागी असते, त्यामुळे तिचा संकेत बेरजेत वाढत जातो. सेन्सरमधील व आकाशाच्या पार्श्वभूमीतील यादृच्छिक चढउतार मात्र एकमेकांना बऱ्याच अंशी छेद देतात. शंभर प्रतिमा रचल्या की संकेताचे या चढउतारांशी असलेले गुणोत्तर दहा पटींनी सुधारते. मात्र हे गणित फळण्यासाठी आधीची तयारी काटेकोर असावी लागते: दुर्बिणीचा अक्ष ध्रुवाच्या दिशेशी अचूक जुळवणे, दुर्बीण फिरवणाऱ्या आधाराच्या, म्हणजे माउंटच्या, गतीतील बारीक चुका सुधारण्यासाठी दुसऱ्या छोट्या कॅमेऱ्याने एका ताऱ्यावर सतत नजर ठेवणे, भिंगावर दव धरू नये म्हणून त्याभोवती तापपट्टी गुंडाळणे, झाकण लावून सेन्सरच्या स्वतःच्या दोषांची ‘डार्क’ प्रतिमा घेणे आणि एकसारख्या उजळलेल्या पृष्ठभागाची ‘फ्लॅट’ प्रतिमा घेऊन भिंगावरील धुळीच्या व कडेच्या काळोखाच्या खुणा काढून टाकणे. ही कामे कंटाळवाणी वाटली, तरी सुंदर छायाचित्र आणि मोजमापास योग्य छायाचित्र यांतील फरक त्यांनीच पडतो.

लहान दुर्बिणीचे बळ

मोठी दुर्बीण प्रत्येक बाबतीत लहान दुर्बिणीपेक्षा सरस असते, ही समजूत ताऱ्यांच्या बाबतीत खरी आहे. तारा हा बिंदूवत् स्रोत असल्यामुळे आरसा जितका मोठा तितका त्याचा अधिक प्रकाश एका ठिकाणी गोळा होतो. पण तेजोमेघ किंवा दीर्घिकेचे बाह्यांग यांसारख्या पसरट वस्तूंचे तसे नसते. सेन्सरच्या एका ठरावीक क्षेत्रफळावर अशा वस्तूचा किती प्रकाश पडेल, हे दुर्बिणीच्या केंद्रांतराचे तिच्या व्यासाशी जे गुणोत्तर असते त्यावर ठरते. हे गुणोत्तर समान असेल तर दहा सेंटिमीटरची दुर्बीण आणि दहा मीटरची दुर्बीण सेन्सरवर पसरट वस्तूची सारखीच उजळ प्रतिमा पाडतात. मोठ्या दुर्बिणीत बारकावे अधिक दिसतात, पण आकाशाचा फारच छोटा भाग नजरेत मावतो. देवयानी दीर्घिका आकाशात पौर्णिमेच्या सहा चंद्रांच्या रुंदीएवढी पसरलेली आहे. हबल दुर्बिणीला तिचे पूर्ण चित्र जुळवण्यासाठी ६०० हून अधिक छायाचित्रे आणि दहा वर्षांहून अधिक काळ लागला. हौशी निरीक्षकाच्या लहान दुर्बिणीत ती दीर्घिका आजूबाजूच्या आकाशासह एकाच चौकटीत बसते.

या तत्त्वाचे सर्वांत ठळक उदाहरण त्याच दीर्घिकेच्या शेजारी सापडले. २०२२ साली फ्रान्समधील यान सेंती यांनी १०६ मिलिमीटर व्यासाच्या दुर्बिणीने देवयानी दीर्घिकेची छायाचित्रे घेण्यास सुरुवात केली, आणि फ्रान्सचे झेव्हिए स्ट्रॉटनर व जर्मनीचे मार्सेल ड्रेक्सलर यांच्यासह त्यांनी त्या प्रतिमांचे विश्लेषण केले. सेंती यांनी वापरलेल्या फिल्टरांत एक असा होता, की जो आयनीभूत ऑक्सिजनपासून निघणारा सुमारे ५०१ नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवट-निळा प्रकाश तेवढा आत येऊ देतो आणि बाकीचा जवळजवळ सगळा अडवतो. अनेक रात्रींत मिळून शंभर तासांहून अधिक एक्स्पोजर जमा झाल्यावर दीर्घिकेच्या आग्नेयेला सुमारे दीड अंश लांबीची, म्हणजे तीन पूर्णचंद्रांच्या रुंदीएवढी, एक अंधूक निळसर कमान दिसू लागली. शतकाहून अधिक काळ जगातील जवळपास प्रत्येक वेधशाळेने ज्या दीर्घिकेची छायाचित्रे घेतली, तिच्या शेजारची एवढी मोठी रचना कोणाच्याही नोंदीत नव्हती. कारण इतक्या विस्तृत क्षेत्राचे, नेमक्या याच तरंगलांबीत, इतका वेळ कोणी निरीक्षणच केले नव्हते. डार्टमथ कॉलेजचे खगोलशास्त्रज्ञ रॉबर्ट फेसेन यांच्यासह लिहिलेला याविषयीचा निबंध जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकन अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या संशोधन-टिपणांत प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ग्रिनिच येथील रॉयल ऑब्झर्व्हेटरीच्या खगोल-छायाचित्रण स्पर्धेत हे छायाचित्र सर्वोत्कृष्ट ठरले.

खुज्या दीर्घिकांच्या शोधातही हेच तत्त्व उपयोगी पडले आहे. मोठ्या दीर्घिकेच्या आसपास हजारपटींनी कमी तारे असलेल्या, अत्यंत विरळ अशा खुज्या दीर्घिका किती आढळतात, हा प्रश्न विश्वातील अदृश्य द्रव्याविषयीच्या सिद्धान्तांची कसोटी पाहणारा आहे, आणि म्हणून अशा प्रत्येक दीर्घिकेला मोल आहे. इटलीचे जुझेप्पे दोनातिएल्लो यांनी १२७ मिलिमीटरच्या दुर्बिणीने २०१० आणि २०१३ मध्ये देवयानी तारकासमूहातील एका भागाची छायाचित्रे घेतली होती. २०१६ मध्ये ती पुन्हा तपासताना त्यांना एक धूसर डाग दिसला, जो दोन्ही वर्षांच्या प्रतिमांत त्याच जागी होता. कॅनरी बेटांवरील १०.४ मीटरच्या दुर्बिणीने त्या डागातील स्वतंत्र तारे वेगळे करून दाखवले, आणि सुमारे एक कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या त्या खुज्या दीर्घिकेला ‘दोनातिएल्लो १’ हे नाव मिळाले. शोध लहान दुर्बिणीचा आणि निदान मोठ्या दुर्बिणीचे, अशी ही श्रमविभागणी या क्षेत्रात वारंवार आढळते.

व्यावसायिक शास्त्रज्ञांनी यातून घेतलेला धडा लक्षात घेण्याजोगा आहे. येल विद्यापीठाचे पीटर व्हान डोकम आणि टोरोंटो विद्यापीठाचे रॉबर्टो अब्राहम यांनी विरळ आणि पसरट दीर्घिकांच्या शोधासाठी नवा मोठा आरसा घडवला नाही. त्यांनी क्रीडा-छायाचित्रकार वापरतात ती कॅननची ४०० मिलिमीटरची भिंगे एकत्र बांधून न्यू मेक्सिकोत ‘ड्रॅगनफ्लाय’ नावाची दुर्बीण उभारली. आरंभीची मोजकी भिंगे वाढत जाऊन पुढे ४८ झाली, आणि जवळजवळ सर्वस्वी अदृश्य द्रव्याने भरलेल्या दीर्घिकांविषयीची महत्त्वाची चर्चा या उपकरणाच्या निरीक्षणांतून सुरू झाली. लहान भिंग आणि दीर्घ एक्स्पोजर हा हौशी मार्ग होता. तो राजमार्गही ठरू शकतो, हे या प्रकल्पाने दाखवून दिले.

ओळखीचे आकाश

दीर्घ वेळेइतकेच महत्त्व ओळखीला आहे. जे भाग नेहमी पाहण्यात असतात त्यांत काही बदलले तर ते चटकन ध्यानात येते. अमेरिकेतील केंटकी राज्यातील जे मॅकनील यांनी जानेवारी २००४ मध्ये अवघ्या ७.६ सेंटिमीटरच्या दुर्बिणीने मृग नक्षत्रातील ‘एम ७८’ या तेजोमेघाचे छायाचित्र घेतले, तेव्हा त्यांना शेजारी एक छोटा, पंख्यासारखा उजळ ढग दिसला, जो त्या प्रसिद्ध प्रदेशाच्या नेहमीच्या छायाचित्रांत कुठेच नव्हता. हवाई बेटांवरील आठ मीटरच्या जेमिनी दुर्बिणीने तपासणी झाल्यावर उलगडा झाला, की धुळीच्या गर्भात असलेला एक तरुण तारा भोवतालच्या चकतीतील द्रव्य झपाट्याने गिळू लागल्यामुळे एकाएकी प्रखर झाला होता आणि त्याच्या उजेडात हा ढग उजळला होता. ताऱ्याचे वस्तुमान संथ गतीने न वाढता असे उचक्यांनी वाढते का, या प्रश्नाच्या अभ्यासासाठी ‘मॅकनीलचा तेजोमेघ’ हे आता प्रमाण उदाहरण मानले जाते. तो २००५ च्या अखेरीस मावळला आणि २००८ मध्ये पुन्हा उजळला.

जपानमधील यामागाता येथील कोइची इतागाकी यांनी अनेक दशके दीर्घिकांची नियमित टेहळणी करून दीडशेहून अधिक अतिनवतारे, म्हणजेच सुपरनोव्हा, शोधले आहेत. मोठ्या वस्तुमानाचा तारा आयुष्याच्या अखेरीस कोसळून फुटतो तेव्हा काही आठवडे तो एकटा संपूर्ण दीर्घिकेच्या तोडीचा प्रकाश देतो. त्यालाच अतिनवतारा म्हणतात. ऑक्टोबर २००४ मध्ये इतागाकी यांना एका दीर्घिकेत अल्पकाळ उजळून विझलेला एक बिंदू दिसला. तो अतिनवताऱ्याच्या मानाने फारच मंद होता, पण त्यांनी त्याची नोंद ठेवली. बरोबर दोन वर्षांनी, ऑक्टोबर २००६ मध्ये, नेमक्या त्याच जागी खरा अतिनवतारा उजळला. मरणाऱ्या ताऱ्याने अंतिम स्फोटाच्या दोन वर्षे आधी आपले बाह्य थर भिरकावून दिले होते, हे त्या जुन्या नोंदीमुळेच सिद्ध झाले, आणि २००७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात त्यावरील निबंध प्रसिद्ध झाला. २००४ ची ती नोंद किरकोळ समजून टाकून दिली असती, तर २००६ चा स्फोट इतर अनेकांसारखाच एक ठरला असता. इतागाकी यांची टेहळणी आजही चालू आहे. मे २०२३ मध्ये सुमारे दोन कोटी प्रकाशवर्षांवरील ‘एम १०१’ दीर्घिकेत फुटलेला अतिनवताराही प्रथम त्यांनीच पाहिला.

ग्रहांच्या छायाचित्रणाची रीत निराळी आहे. पृथ्वीच्या वातावरणातील खळबळीने ग्रहाची प्रतिमा सतत थरथरते, म्हणून निरीक्षक काही मिनिटांत हजारो प्रतिमांची चित्रफीत घेतात, त्यांतील क्षणभर स्थिर झालेल्या प्रतिमा संगणकाकडून निवडून घेतात आणि तेवढ्याच एकत्र रचतात. ऑस्ट्रेलियाचे अँथनी वेस्ली १९ जुलै २००९ रोजी ३७ सेंटिमीटरच्या दुर्बिणीने अशीच निरीक्षणे करत असताना गुरूच्या दक्षिण ध्रुवाजवळ त्यांना एक काळा डाग दिसला. उपग्रहाची सावली असेल, ही शंका डागाच्या जागेवरून आणि गतीवरून दूर झाल्यावर त्यांनी इतरांना कळवले. दुसऱ्याच दिवशी हवाईतील नासाच्या अवरक्त दुर्बिणीने तो आघाताचा व्रण असल्याची पुष्टी केली आणि २३ जुलै रोजी हबल दुर्बीण त्याच्याकडे वळवण्यात आली. शूमेकर-लेव्ही धूमकेतूचे तुकडे १९९४ साली गुरूवर आदळले होते, पण ते आदळणार हे आधीपासून ठाऊक होते. २००९ चा आघात मात्र कोणाच्याही ध्यानीमनी नव्हता. पुढच्या वर्षी, ३ जून २०१० रोजी, वेस्ली आणि फिलिपाइन्समधील सेबू येथील क्रिस्टोफर गो या दोघांच्या चित्रफितींत गुरूवरील एकच लखलखाट एकाच वेळी नोंदला गेला. दोन निरीक्षकांत हजारो किलोमीटरचे अंतर असल्यामुळे हा कॅमेऱ्याचा किंवा वातावरणाचा दोष नाही, हे आपोआप सिद्ध झाले. आदळलेली वस्तू सुमारे दहा मीटरची असावी असे गणित निघाले, आणि निबंधाच्या लेखकांत या दोघांचाही समावेश झाला. गुरूसारखा महाकाय ग्रह वर्षाकाठी किती लहान वस्तू गिळतो, याचे अंदाज आज मुख्यतः अशा हौशी चित्रफितींवर आधारलेले आहेत. कारण एकाच ग्रहाकडे रात्रीमागून रात्री पाहत राहणे कोणत्याही मोठ्या दुर्बिणीला परवडणारे नसते.

रोसारिओमधील एक रात्र

आतापर्यंतच्या उदाहरणांत जे घटक सुटे सुटे दिसले, ते सर्व एका घटनेत एकत्र आले. अर्जेंटिनातील रोसारिओ शहरात राहणारे व्हिक्तोर बूसो हे व्यवसायाने कुलपे दुरुस्त करणारे कारागीर. २० सप्टेंबर २०१६ च्या रात्री ते आपल्या ४० सेंटिमीटरच्या दुर्बिणीला जोडलेला नवा कॅमेरा तपासून पाहत होते. त्यासाठी त्यांनी सुमारे आठ कोटी प्रकाशवर्षे दूर असलेली ‘एनजीसी ६१३’ ही सर्पिल दीर्घिका निवडली. शहरातील आकाश उजळ असल्याने एक दीर्घ एक्स्पोजर घेण्याऐवजी त्यांनी काही सेकंदांची अनेक एक्स्पोजर घेतली. पहिल्या तुकडीतील प्रतिमांत दीर्घिका नेहमीसारखीच होती. सुमारे पाऊण तासाने घेतलेल्या प्रतिमांत एका सर्पिल भुजेच्या टोकाशी एक अंधूक बिंदू दिसू लागला आणि पुढच्या प्रतिमांत तो उजळत गेला. बूसो यांनी तो बिंदू जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहिला, दुसऱ्या हौशी निरीक्षकाशी संपर्क साधला आणि जगातील शास्त्रज्ञांना सूचना मिळण्याची व्यवस्था केली.

त्यांच्या हाती काय लागले होते, हे समजण्यासाठी ताऱ्याच्या मृत्यूचा क्रम पाहावा लागतो. महाकाय ताऱ्याचा गाभा सेकंदाच्या आत कोसळतो, पण त्यातून उसळलेला आघाततरंग ताऱ्याचे थर फोडत पृष्ठभागापर्यंत येण्यास बराच वेळ घेतो, आणि तोपर्यंत बाहेरून पाहणाऱ्याला काहीही कळत नाही. तरंग पृष्ठभागावर पोचताच तारा प्रथमच भडकतो. ही अवस्था इतकी अल्पकालिक असते, आणि कोणता तारा केव्हा फुटेल हे सांगणे इतके अशक्य असते, की सिद्धान्ताने तिचे भाकीत करूनही सामान्य अतिनवताऱ्याच्या बाबतीत दृश्य प्रकाशात तिचा आरंभ असा कोणी नोंदवला नव्हता. ला प्लाता येथील खगोलभौतिकी संस्थेच्या मेलिना बेर्स्तेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बूसो यांच्या प्रतिमांचे मोजमाप केले, तेव्हा उजळण्याचा वेग दिवसाला सुमारे ४० प्रती इतका निघाला. ‘प्रत’ हे ताऱ्यांच्या तेजस्वितेचे माप असून एका प्रतीचा फरक म्हणजे सुमारे अडीचपट तेज. म्हणजे तो बिंदू दर ३६ मिनिटांना अडीचपट उजळण्याच्या वेगाने वाढत होता. अतिनवताऱ्याच्या नंतरच्या कोणत्याही अवस्थेत इतका वेग आढळत नाही, त्यामुळे हा आघाततरंग बाहेर पडण्याचाच क्षण असल्याचा निष्कर्ष निघाला. कॅलिफोर्नियातील लिक आणि हवाईतील केक वेधशाळांतून अ‍ॅलेक्स फिलिपेंको यांच्या गटाने पुढील दोन महिने वर्णपट घेतले; त्यांवरून या ताऱ्याने आपले बरेचसे वस्तुमान आधीच जोडीदार ताऱ्याकडे गमावले होते, असे अनुमान काढता आले. फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधाच्या लेखकांत व्हिक्तोर बूसो हे नाव आहे.

या घटनेत दैवाचा भाग मोठा होता, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु जगात हजारो दुर्बिणी रोज रात्री आकाशाकडे रोखलेल्या नसत्या, तर हे दैव कोणाच्याच वाट्याला आले नसते. आणि त्या बिंदूकडे कॅमेऱ्याचा दोष म्हणून काणाडोळा केला गेला असता, तर वाट्याला येऊनही ते निसटले असते. हौशी निरीक्षणाची ताकद एका माणसाच्या नशिबात नसून असंख्य माणसांच्या अखंड जागरणात आणि त्यांनी स्वतःला लावून घेतलेल्या शिस्तीत आहे.

दिसणे आणि सिद्ध होणे

ही शिस्त मुख्यतः संशयाची असते. प्रतिमेत नवा बिंदू दिसला, की तो सेन्सरमधील बिघडलेला पिक्सेल आहे का, अवकाशातून आलेला विद्युतभारित कण त्यावर आदळला आहे का, जवळच्या तेजस्वी ताऱ्याचे भिंगांमध्ये उमटलेले प्रतिबिंब आहे का, की वाटेने जाणारा ज्ञात लघुग्रह आहे, हे क्रमाने तपासावे लागते. त्यासाठी दुर्बीण किंचित सरकवून पुन्हा एक्स्पोजर घेतले जाते, कारण सेन्सरचा दोष सेन्सरबरोबर राहतो आणि खरी वस्तू ताऱ्यांबरोबर सरकते. लघुग्रहांच्या याद्या पाहिल्या जातात. जुनी व नवी प्रतिमा आलटून पालटून पडद्यावर आणून फरक शोधला जातो. आणि शक्य तर दुसऱ्या ठिकाणच्या निरीक्षकाला तीच जागा पाहण्याची विनंती केली जाते. त्यानंतरच धूमकेतू व लघुग्रहांसाठीच्या मायनर प्लॅनेट सेंटरला किंवा अतिनवताऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेला कळवले जाते.

इतके करूनही विज्ञानाचा निवाडा बदलू शकतो. स्पॅनिश शास्त्रज्ञ डेव्हिड मार्तिनेझ-देल्गादो यांच्या गटासाठी अमेरिकेतील हौशी छायाचित्रकार आर. जे गबानी यांनी न्यू मेक्सिकोतील अर्ध्या मीटरच्या दुर्बिणीने ‘एनजीसी ५९०७’ या दीर्घिकेचे छायाचित्र घेतले. गिळल्या गेलेल्या खुज्या दीर्घिकेतील ताऱ्यांचे प्रवाह तिच्याभोवती वेटोळ्यांसारखे गुंफलेले त्यात दिसले, आणि २००८ साली प्रसिद्ध झालेले हे चित्र पाठ्यपुस्तकांतील उदाहरण बनले. २०१९ मध्ये ‘ड्रॅगनफ्लाय’च्या निरीक्षणांत मात्र एकच लांब वक्र प्रवाह आढळला, दुसरे वेटोळे दिसले नाही. देवयानीजवळच्या कमानीबाबतही आरंभी ती त्या दीर्घिकेशी निगडित असण्याची शक्यता चर्चेत होती. नंतरच्या वर्णपटांवरून ती आपल्याच आकाशगंगेत, म्हणजे देवयानी दीर्घिकेच्या २५ लाख प्रकाशवर्षांच्या अंतराच्या मानाने अगदी जवळ असावी, या मताकडे कल झुकला आहे. या दुरुस्त्यांमुळे शोधांचे मोल घटत नाही. शोध चर्चेत आला, इतरांनी तो आपल्या साधनांनी पारखला आणि त्याचा अर्थ अधिक नेमका झाला, हीच विज्ञानाची रीत आहे. हौशी निरीक्षकाच्या कामाला तोच निकष लावला जाणे, हा त्या कामाचा सन्मान आहे.

यंत्रांच्या युगातील माणूस

हे सारे किती काळ चालेल, हा प्रश्न आज गांभीर्याने विचारला जातो. क्राइमियातील गेन्नादी बोरिसोव्ह यांनी ३० ऑगस्ट २०१९ रोजी स्वतः बनवलेल्या ६५ सेंटिमीटरच्या दुर्बिणीने एक धूमकेतू शोधला. त्याच्या कक्षेची उत्केंद्रता ३.३ हून अधिक निघाली. सूर्याशी बांधलेल्या वस्तूची उत्केंद्रता एकापेक्षा कमी असते. त्यामुळे हा पाहुणा दुसऱ्या एखाद्या ताऱ्याकडून आलेला आणि परत न फिरणारा आहे, हे निश्चित झाले. ताऱ्यांमधल्या अवकाशातून आलेला हा पहिला ज्ञात धूमकेतू. परंतु त्याच जातीची पुढची वस्तू जुलै २०२५ मध्ये सापडली ती चिलीतील स्वयंचलित सर्वेक्षण दुर्बिणीला. धूमकेतू आणि अतिनवतारे यांच्या शोधांत अशा यंत्रणांनी आता फार मोठा वाटा घेतला आहे. चिलीतच उभारलेल्या व्हेरा रुबिन वेधशाळेच्या ८.४ मीटर दुर्बिणीवर ३२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे, तिच्या पहिल्या प्रतिमा जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाल्या, आणि दहा वर्षे ती दक्षिणेकडील आकाश दर काही रात्रींनी पुन्हा पुन्हा टिपणार आहे.

तरीही रुबिनमुळे हौशी निरीक्षकांचे दिवस संपले, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. इतक्या शक्तिशाली कॅमेऱ्यावर तेजस्वी ताऱ्यांच्या प्रतिमा संपृक्त होतात, म्हणजे त्यांचे माप घेता येत नाही. जवळच्या अतिनवताऱ्यांचे आणि तेज बदलणाऱ्या ताऱ्यांचे दीर्घकालीन मोजमाप छोट्या दुर्बिणींनाच करावे लागेल. ती दुर्बीण उत्तरेकडील आकाशाचा मोठा भाग पाहू शकत नाही. एका जागी ती काही सेकंदच थांबते आणि काही रात्रींनी परतते, तर मधल्या तासांत काय घडले हे जगभर विखुरलेल्या निरीक्षकांनाच सांगता येते. एकाच अरुंद तरंगलांबीत शंभर तास थांबून राहण्याचा कार्यक्रमही तिच्या योजनेत नाही. यंत्रे नव्या घटनांचा जितका मोठा लोंढा आणतील, तितकी त्यांतील निवडक घटनांच्या मागे चिकाटीने लागणाऱ्या माणसांची गरज वाढणार आहे.

भारताचे स्थान या दृष्टीने मोलाचे आहे. चिली, हवाई किंवा कॅनरी बेटांवर दिवस असतो तेव्हा भारतात रात्र असते, आणि एखाद्या स्फोटाची नोंद अखंड राहायची तर या रेखांशांवरील निरीक्षण आवश्यक ठरते. आयआयटी मुंबई आणि भारतीय खगोलभौतिकी संस्था यांनी लडाखमधील हानले येथे ०.७ मीटरची स्वयंचलित ‘ग्रोथ-इंडिया’ दुर्बीण याच हेतूने उभारली. महाराष्ट्रात १९४४ मध्ये पुण्यात स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था आणि वांगणीच्या आकाशदर्शनांतून कित्येक पिढ्यांना ताऱ्यांची ओळख करून देणारे मुंबईचे खगोल मंडळ यांनी आकाशाची हौस जिवंत ठेवली आहे. पावसाळ्याचे चार महिने येथे वाया जातात, हे खरे. पण त्यानंतरच्या निरभ्र रात्रींत, ऐन दिवाळीच्या अमावास्येला, देवयानी दीर्घिका रात्री डोक्यावर येते. अडचण आहे ती वाढत्या कृत्रिम उजेडाची. अंधूक कमानी आणि विरळ दीर्घिका शहरांच्या उजेडात सर्वांत आधी बुडतात, आणि कोणताही फिल्टर त्या पूर्णपणे परत आणू शकत नाही. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातील पहिल्या ‘डार्क स्काय पार्क’चा दर्जा मिळाला, आणि अंधार हीदेखील राखण्याजोगी नैसर्गिक संपत्ती आहे, हे त्यामुळे अधिकृतपणे मान्य झाले.

शाळा-महाविद्यालयांच्या आणि हौशी मंडळांच्या आकाशदर्शनाच्या कार्यक्रमांनी आता पुढचे पाऊल टाकायला हवे. सुंदर छायाचित्र घेण्याबरोबरच त्याची तारीख, वेळ, एक्स्पोजर आणि मूळ प्रतिमा जपून ठेवणे, तेज मोजण्याची रीत शिकणे, एखादी दीर्घिका किंवा एखादा रूपविकारी, म्हणजे तेज बदलणारा, तारा वर्षानुवर्षे सांभाळणे आणि आपली निरीक्षणे १९११ पासून जगभरच्या निरीक्षकांच्या नोंदी जमवणाऱ्या ‘एएव्हीएसओ’सारख्या संघटनांना नियमितपणे पाठवणे, यासाठी फार मोठ्या खर्चाची गरज नाही. इतागाकी यांची २००४ ची नोंद आणि दोनातिएल्लो यांच्या जुन्या प्रतिमा यांनी हेच सिद्ध केले, की नीट जपलेल्या निरीक्षणाचा अर्थ ते घेतले त्या रात्रीच कळतो असे नाही. तो कळण्याच्या वेळी ते निरीक्षण उपलब्ध असावे लागते. ते उपलब्ध ठेवण्याचे काम आजच्या हौशी निरीक्षकांचे आहे, आणि महाराष्ट्रातील मंडळांनी ते मनावर घेतले, तर पुढच्या काही दशकांतील एखाद्या मोठ्या शोधाची पहिली नोंद मराठी निरीक्षकाच्या वहीत सापडणे पूर्णपणे शक्य आहे.